दाराकडची कड

मैत्रीण फोनवर "खाली ये, आलेच" म्हणाली की वीस मिनिटं धरायची, हे इतक्या वर्षांत कळलेलं असूनही मी आपली वेळेवर जाऊन गाडीत बसून राहते. त्या दिवशीही बसले होते. दुपारचं तिरपं ऊन, मोबाइल मेलेला, मग दार उघडं टाकून एक पाय बाहेर काढून नुसतीच इकडंतिकडं बघत होते आणि खाली नजर गेली तर सीटची दाराकडची कड, ती फुगीर असते ना ती, पार गेलेली. करडा रंग उडून आतलं फिकट, लव आल्यासारखं कातडं दिसत होतं आणि त्यावर बारीक भेगांची जाळी, आटलेल्या तळ्यात पडते तशी. रोज बसते मी तिथं. आणि दिसलं आज.

शेजारची सीट बघितली. ढिम्म नवी.

याचं कारण माझी उंची. पाच फुटांना जरा कमीच आहे, त्यामुळे मी गाडीतून उतरत नाही, घसरते. घसरगुंडीवरून पोर येतं तशी. आठ वर्षं, दिवसाला चार वेळा धरलं तरी साडेअकरा हजार वेळा मी त्या कडेवरून घसरलेय, तेही जीन्स घालून. कातडं काय करणार बिचारं.

बाबांचं अगदी उलट होतं. ताडमाड माणूस. ते गाडीत बसायचे नाहीत, गाडी अंगात घालायचे, शर्ट घालावा तशी, आधी डोकं मग एक हात मग उरलेलं सगळं. त्यांची गाडी म्हणजे माझ्यासाठी फक्त मागची सीट. उन्हात उभी असली की फ्रॉकमधल्या मांड्या त्या सीटला चिकटायच्या आणि उठताना टर्रकन आवाज यायचा, त्या आवाजाला मी आणि भाऊ दोघंही दर वेळी तितकंच हसायचो. आणि माझ्या बाजूला, खिडकीखाली, एक भोक होतं. गोल, माझ्या करंगळीएवढं, आणि कडा टणक, नखाला खरखरीत लागायच्या. ते मी पाडलं नव्हतं. मोठं मात्र मीच केलं. बोट घालून आतल्या फोमचा पिवळा भुगा काढायचा आणि त्या जागी काहीतरी ठेवायचं हा माझा प्रवासातला उद्योग. एक बटण, पेन्सिलचा तुकडा, आणि एकदा तर गाडीतच पडलेला माझा दुधाचा दात. गाडी विकली तेव्हा दात आतच होता. कुणाला तरी मिळाला असेल, काय वाटलं असेल त्याला.

बाबा त्या सीटना लेदर म्हणायचे. मोठी झाल्यावर, म्हणजे अक्कल आलीय असं वाटायच्या वयात, मी त्यांना सांगून टाकलं, बाबा ते लेदर नाही, रेक्झिन आहे. ते म्हणाले, "हाताला लेदरच लागतं." आणि विषय संपला.

तर मी ठरवलं, कड आपणच दुरुस्त करायची. मी काही हुन्नरी बाई नाही, पण व्हिडिओ बघून आपल्याला सगळं येतं असं वाटतं तो आजार मलाही आहे. पहिला दिवस नुसता धुण्यात गेला. मऊ ब्रश, सौम्य फेस, आणि मग पांढऱ्या फडक्यानं पुसलं तर फडकं काळं. छातीत धस्स झालं, म्हटलं गेला की रंग! रंग नव्हता, आठ वर्षांचा घाम, तेलकटपणा, धूळ आणि जीन्सची निळाई होती. आणि गंमत म्हणजे सीटची चकाकी गेली. मला लोकांच्या चकाचक लेदरच्या कौतुकाची आधीपासूनच चीड आहे, ते पॉलिश फासून आरशासारखं करतात ते, बसलं की माणूस पुढं सरकतो. बहुतेक गाड्यांचं लेदर नवं असताना मंदच असतं हो. पुढं जे चकाकतं तो बरेचदा मळ असतो.

मग तेल. जो तो सांगतो तेल पाजा, कातडं जिवंत असतं, त्याला तहान लागते वगैरे. मी शेजारच्या धडक्या सीटवर पाण्याचा एक थेंब टाकला आणि बघत बसले. थेंब तसाच. टपोरा, अळवावरच्यासारखा. पाच मिनिटं झाली तरी हलेना. म्हणजे पाणी आत जात नाही, तर तेल कुठून जाणार? मग वाचत गेले तेव्हा कळलं की गाडीतलं बहुतेक लेदर म्हणजे साधारण मिलीमीटर-सव्वा मिलीमीटर जाडीचं कातडं, त्यावर रंगाचा थर आणि त्याच्यावर पारदर्शक पॉलियुरेथेनचा थर. तेल पाजायचा सल्ला खोगिरांच्या काळातला. झाडाच्या सालींच्या पाण्यात महिनोन्‌महिने मुरवून कमावलेलं कातडं, ते उघडं असायचं, ते प्यायचं. १८८४ मध्ये ऑगस्टस शुल्ट्झ नावाच्या माणसानं क्रोमच्या क्षारांनी कातडं कमावायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि पुढं महिन्यांचं काम दिवसांवर आलं. (कातडं 'कमावणं' हा काय शब्द आहे नाही? शरीर कमावतात, पैसे कमावतात आणि कातडं.)

म्हणजे आठ वर्षं मी ज्याला अस्सल लेदर म्हणून हात फिरवत होते ते प्लास्टिकच होतं की. अस्सल होतं ते खाली, आणि हाताला ते लागलं ते वरचं सगळं उडाल्यावरच. बाबांना हे सांगायलाच हवं होतं पण हात भरलेले होते.

कड स्पिरिटनं पुसली, सहाशे नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकं घासलं, भेगांत फिलर भरला. भिंतीला लांबी भरतात तसंच, फक्त इथं थर कागदाइतका पातळ, वाळवा, घासा, परत भरा. रंगानं मात्र रडवलं. करडा म्हणजे काळा अधिक पांढरा असं मला वाटायचं. तसा केला तर निळसर दिसला, मग पिवळ्याचा एक थेंब, मग तपकिरीचा अर्धा, अर्धा थेंब कसा टाकतात ते विचारू नका. त्यात ओला रंग वेगळा आणि वाळलेला वेगळा, म्हणून दर वेळी टिकलीएवढा ठिपका लावून हेअर ड्रायर मारत बसायचं. पहिला हात दिला तेव्हा इतकं भयाण दिसलं की मी दार लावून घरात निघून गेले. तिसऱ्या हाताला कड सीटमध्ये मिसळायला लागली. चौथ्यानंतर वरून मंद पारदर्शक थर.

हात वाळेपर्यंत काय करणार, व्हिडिओ. एकात सीटला पडलेलं भोक कसं बुजवायचं ते होतं. बाई सांगत होती की आधी आतून कापडाचा तुकडा चिकटवा, पण त्याआधी भोकाची ती टणक झालेली कड कापून काढा, जळल्यावर ती अशी होते. कॅमेरा जवळ नेला तिनं. गोल. करंगळीएवढं. सिगारेटचं.

मी व्हिडिओ थांबवला.

बाबांना फोन लावला. आधी रेक्झिनचं सांगितलं, थेंब, थर, पॉलियुरेथेन, सगळं. त्यांना केवढा आनंद. "मग मी काय म्हणत होतो? हाताला लागतं ते खरं." मग मी म्हटलं, बाबा, आपल्या जुन्या गाडीत मागं माझ्या खिडकीखाली भोक होतं बघा, ते कशानं पडलं होतं?

"उंदीर असेल."

"गोल होतं. कडा जळलेल्या होत्या."

पलीकडं बराच वेळ टीव्हीचा आवाज. मी दुसरीत असताना बाबांनी सिगारेट सोडली, ही आमच्या घरातली वर्षानुवर्षं सांगितली जाणारी गोष्ट आहे, आई सांगते, पाहुण्यांना सुद्धा. आणि गाडी आली मी चौथीत असताना.

"पुढच्या खिडकीतून बाहेर टाकलं," बाबा हळूच म्हणाले, "ते वाऱ्यानं मागच्या खिडकीतून आत आलं. मला कळलंच नाही, वास आला तेव्हा कळलं. तू शाळेत होतीस."

मी काहीच बोलले नाही.

"कड वाळली का तुझी?"

"वाळतेय. दोन दिवस टेकायचं नाही म्हणतात."

"मग उतरणार कशी?"

"शेजारच्या दारानं."

"बरं," ते म्हणाले, आणि मग आणखी आवाज खाली आणून, "आईला बोलू नकोस हं."