पेग लेग बेट्सच्या क्लबच्या वाटेवर

बाबा वणीहून आमच्याकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला आले की नायगारा ठरलेला. ह्या खेपेला मात्र म्हणाले, "धबधबा पाहून झाला माझा. पोरीच्या त्या लाकडी पायवाल्या माणसाच्या गावाला चाल."

माझी लेक टॅप डान्स शिकते. तिच्या बुटांना चवड्याखाली आणि टाचेखाली धातूच्या पट्ट्या आहेत, त्यामुळे घरभर टकटक चालू असते. क्लेटन बेट्सबद्दल तिनेच आजोबांना सांगितलं होतं. एक पाय लाकडी असूनही तो टॅप नाचायचा. लाकडी पायाच्या टोकाला अर्धं रबर आणि अर्धं कातडं लावलेलं, म्हणून एका पायाचा आवाज खणखणीत आणि दुसऱ्याचा खर्जातला. सगळे त्याला 'पेग लेग' म्हणत.

ऑक्टोबरातला शनिवार होता. न्यू पाल्ट्झला हायवे सोडला आणि 44-55 नंबरच्या रस्त्याच्या घाटाला लागलो. शावांगंक डोंगराचे पांढरे कडे, लाल-पिवळी झाडं आणि मध्येच एक असं वळण, की बाबांनी डॅशबोर्डच धरला. बोलणं मात्र थांबलं नव्हतं. त्यांची सगळी नोकरी कापसातून सरकी वेगळी करायच्या जिनात गेली, त्यामुळे त्यांचे प्रश्नही तसेच.

"पाय कशात गेला म्हणते त्याचा?"

मी वाचलेलं सांगितलं. बेट्सचा जन्म 1907 चा, साउथ कॅरोलायनातल्या फाउंटन इनचा. वडील घर सोडून गेलेले, आई दुसऱ्याच्या शेतात बटाईने राबायची. बारा वर्षांचा असताना पोरगा सरकीच्या गिरणीत कामाला लागला. एकदा अंधारात त्याचा पाय सरकी पुढे ढकलणाऱ्या मळसूत्री कन्व्हेयरमध्ये पडला. काळ्या माणसाला इस्पितळाची दारं बंद होती. डॉक्टरने घरीच, स्वयंपाकघरातल्या टेबलावर डावा पाय कापला.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "झाकण नसंन त्याले. आमच्याकडेही नसे."

मला लगेच चौकीदारकाका आठवले. जिनातल्या रेच्यात, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात, त्यांचा हात गेला तेव्हा मी चौथीत होते. नंतर त्यांना जिनाच्या फाटकावर बसवलं. सरकीचा वास आला की अजूनही मला त्यांची दुमडून पिन लावलेली बाही दिसते.

बेट्सला मामाने लाकडाचा पाय तासून दिला आणि पोरगा त्यावर नाचायला लागला. 1928 च्या सुमारास तो न्यूयॉर्कच्या रंगमंचावर होता, तिथून पॅरिसला गेला. पुढे एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात वीसहून जास्त वेळा झळकला. सुटाच्या रंगाचा लाकडी पाय लावायचा. उंच उडी घेऊन नेमका त्याच पायावर उतरायचा, चांगला पाय मागे ताठ! लेकीने मला तो व्हिडिओ दाखवला तेव्हा माझ्याच गुडघ्यात कळ आली.

पण मला त्याच्या नाचापेक्षा त्याने करहाँक्सनला, म्हणजे आम्ही निघालो होतो त्या गावाला, जे केलं ते मोठं वाटतं. कॅट्स्किलच्या ह्या डोंगरात तेव्हा हॉटेलंच हॉटेलं होती. ज्यू लोकांना इतर ठिकाणी घेत नसत, म्हणून त्यांनी इथे आपली उभी केली. बेट्स तिथे नाचायचा, लोक टाळ्या वाजवायचे. पण त्याच हॉटेलात पाहुणा म्हणून राहायची त्याला सोय नव्हती. 1951 मध्ये त्याने आणि बायको अ‍ॅलिसने इथे शेतजमीन घेतलेल्या जागी स्वतःचा 'पेग लेग बेट्स कंट्री क्लब' उघडला. राहायच्या खोल्या, जेवणघर, पोहायचा तलाव आणि रात्री गाणं-नाचाचा क्लब. न्यूयॉर्कहून काळ्या कुटुंबांच्या बसेस भरून यायच्या. ह्या डोंगरात सुट्टीला यायचं आणि दारातून परत फिरावं लागणार नाही, एवढ्यासाठीच ते किती लांबून येत असतील! मालक स्वतः स्टेजवर नाचायचा. 1987 पर्यंत क्लब त्याच्याकडे होता. अ‍ॅलिस त्याच वर्षी गेली.

आता क्लब चालत नाही. दुसऱ्याच्या जागेत शिरणं बरं नाही, म्हणून आम्ही 209 नंबरच्या रस्त्यावरच राहिलो. इथल्या टप्प्याला बेट्सचं नाव दिलंय. पाटीजवळ कडेला गाडी लावली. लेक डिकीतून टॅपचे बूट काढायला लागली. रहदारी पाहून मी नको म्हटलं, तर तिने डिकीच्या कडेवर बसून, पाय खाली सोडून, डांबरावर ठेका धरला. एक बूट टॅपचा, दुसरा साधा. टक-धप, टक-धप. बाबा काठी टेकून ऐकत होते.

डिसेंबर 1998 मध्ये साउथ कॅरोलायना राज्याचा सर्वोच्च सन्मान घ्यायला बेट्स फाउंटन इनला गेला आणि तिथेच वारला. एक्क्याण्णव वर्षांचा होता. पाय जिथे गेला तेच गाव.

"कोणत्या सालचं म्हणाली?" बाबांनी विचारलं. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पाटीचा फोटो काढायला लावला. एक हलला, म्हणून दुसरा.

"चौकीदाराच्या पोराला पाठव," ते म्हणाले. "म्हणा, बापाला मोठ्यानं वाचून दाखव. इंग्रजी आहे ते, खाली मराठीत लिहून दे. आणि क्लबचंही लिही, नुसतं पायाचं नको."