अंबाजोगाईत निवांत एक दिवस

परळीला वैजनाथ, मग अंबाजोगाईला योगेश्वरी आणि संध्याकाळपर्यंत तुळजापूर, असा बेत आखून येणारी मंडळी अंबाजोगाईला तासाभरापेक्षा अधिक वेळ देत नाहीत, याची मला नेहमी खंत वाटते. बालाघाटाच्या डोंगररांगेवर वसलेले हे गाव पायी आणि सवडीने पाहावे असे आहे. म्हणूनच नोव्हेंबरातल्या एका रविवारी आम्ही चार जुने मित्र पहाटेच्या एसटीने लातूरहून निघालो आणि दुसरा कोणताही कार्यक्रम न ठेवता संपूर्ण दिवस या एकाच गावाला दिला.

बसस्थानकाजवळ सुशीला आणि चहा घेऊन सुरुवात केली. मुरमुरे भिजवून, शेंगदाणे, हिरवी मिरची आणि फुटाण्याच्या डाळीचे कूट घालून केलेली गरम सुशीला हा मराठवाड्याचा खरा नाश्ता आहे, आणि पोह्यांपेक्षा ती सरस आहे असे माझे प्रामाणिक मत आहे.

योगेश्वरीच्या देवळात त्या वेळी गर्दी नव्हती. ही अनेक कोकणस्थ घराण्यांची कुलदेवता असल्यामुळे पुण्या-मुंबईकडची कुटुंबे येथे वर्षभर येत असतात. मात्र मार्गशीर्षातल्या नवरात्रात गाव खऱ्या अर्थाने फुलते. देवीला तांबूल दाखवतात. विड्याची पाने, कात, सुपारी आणि बडीशेप एकत्र कुटून केलेला तो ओलसर, तांबूस गोळा प्रसाद म्हणून तळहातावर पडला, की बोटे रंगतात आणि त्याचा वास बराच वेळ हाताला राहतो. ‘‘मावशी, अजून थोडा द्या,’’ असे एका मित्राने म्हणताच प्रसाद वाटणाऱ्या बाईंनी हसून त्याच्या हातावर दुप्पट तांबूल ठेवला.

तेथून जयंती नदीच्या काठाने आम्ही हत्तीखान्याकडे गेलो. खडक वरून खाली कोरत नेऊन तयार केलेले हे शिवलेणे आहे. मधोमध उघडे अंगण, त्यात नंदीमंडप, भोवती दगडी हत्ती आणि आत खांबांच्या रांगांमागे अंधारत गेलेला सभामंडप, अशी त्याची रचना आहे. परळीच्या वैजनाथाशी देवीचे लग्न ठरले होते, पण मुहूर्त टळला आणि सारे वऱ्हाड जागच्या जागी दगडाचे झाले, ही कथा येथे सगळ्यांना तोंडपाठ आहे. एका हत्तीजवळ मी बराच वेळ बसलो. ऊनपावसाने त्याचे अंग खरबरीत झाले असले, तरी पायांचा भक्कमपणा कोरणाऱ्याने किती नेमका पकडला आहे, हे जवळ गेल्यावरच कळते. एवढ्या मोलाच्या जागी प्लॅस्टिकचा कचरा पडलेला पाहून मनापासून वाईट वाटले. निघण्यापूर्वी आम्ही हाताशी आला तेवढा उचलला.

दुपारी धपाटे, दही आणि ठेचा असे जेवण झाले. मग सावलीत बसलो असता, मराठी शिकवणाऱ्या आमच्या मित्राने संतकवी दासोपंतांचा विषय काढला. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ, गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ ही त्यांची ख्याती, आणि त्यांची समाधीही याच गावात. परंतु मला सर्वांत नवल वाटते ते त्यांच्या पासोडीचे. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा जाड्याभरड्या कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’, म्हणजे पाच महाभूतांच्या मिश्रणातून सृष्टी आणि देह कसे घडतात हा विषय, आकृत्या काढून लिहिला. गहन तत्त्वज्ञान लोकांना डोळ्यांनी पाहता यावे म्हणून चारशे वर्षांपूर्वी एखाद्याने एवढे कष्ट घ्यावेत, ही गोष्ट प्रत्येक शिक्षकाला सांगावीशी वाटते.

ऊन उतरल्यावर रिक्षाने मुकुंदराजांच्या समाधीला गेलो. गावाबाहेर, डोंगराच्या कुशीत, दरीच्या तोंडाशी ही जागा आहे. ज्ञानेश्वरीच्या शंभरेक वर्षे आधीचा ‘विवेकसिंधु’ (शके १११०, म्हणजे इ.स. ११८८) त्यांच्या नावावर आहे, आणि परंपरेने त्यांना मराठीचे आद्यकवी मानले जाते. ग्रंथाच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि आमच्यातही त्यावरून चांगलाच वाद रंगला. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाला तेव्हा आपण सर्वांनी आनंद केला. त्या आनंदात सहभागी झालेल्या प्रत्येकाने एकदा तरी या पायऱ्या उतराव्यात, असे मला कळकळीने वाटते.

परतताना रस्त्याच्या कडेला बालाघाटाच्या सीताफळांच्या पाट्या लागल्या होत्या. विक्रेत्या मामांनी आज खायची आणि परवा पिकणारी फळे वेगवेगळी निवडून दिली. कोणाला जायचे असेल, तर पावसाळा सरल्यापासून सीताफळांचा हंगाम संपेपर्यंतचे दिवस निवडावेत. हत्तीखाना सकाळी दहाच्या आत पाहावा, कारण नंतर खडक तापतो, आणि मुकुंदराजांकडे दिवस मावळण्याच्या किमान दोन तास आधी पोहोचावे. खोलेश्वराचे आणि बाराखांबी ही देवळे आमच्याकडून राहिली आहेत, ती आता दत्तजयंतीच्या सुमारास पाहायची असे चौघांचे ठरले आहे.