सात नंबरच्या गाडीचं डिझेल

आमच्या डिझेलच्या वहीत सात नंबरच्या गाडीसमोर सलग पाच महिने लिटरमागे ३.१ किलोमीटर हा आकडा येत होता. चार नंबरची गाडी तिची जुळी बहीण. तेच मॉडेल, तेच इंजिन, दोघी एकाच महिन्यात ताफ्यात आलेल्या, एकाच मार्गावर धावणाऱ्या, जाऊन-येऊन ६०० किलोमीटरची फेरी, जाताना-येताना दोन्हीकडे माल भरलेला. चार नंबरचं ॲव्हरेज मात्र ३.६. लिटरमागे अर्धा किलोमीटर म्हणजे फार वाटत नाही. पण गाडी वर्षाला एक लाख किलोमीटर धावते. ३.१ ने भागा, ३.६ ने भागा आणि वजाबाकी करा. एकट्या सात नंबरने वर्षाकाठी साडेचार हजार लिटर डिझेल जास्त प्यायलेलं असतं.

बावीस वर्षं मी अवजड गाड्यांच्या देखभालीचं काम करते आहे. एवढा फरक दिसला की पहिलं बोट कुणाकडे जातं ते मला माहीत आहे. ड्रायव्हरकडे. माझंही तिकडेच गेलं. टाकीला नवं कुलूप बसवलं, प्रत्येक फेरीला टाकी काठोकाठ भरून मोजायला लावली. सात नंबरवर असतात ते काका माझ्या वडिलांच्या वयाचे. ते रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, “ताई, गाडी मोकळी पळत नाही. मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी वाटते.” हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मी गाडी इंजिनच्या तपासणीला पाठवली. इंजेक्टर तपासले, एअर फिल्टर बदलला, टर्बोचे आणि इंटरकूलरचे होज पाहिले, सगळं ठीक होतं. ॲव्हरेज ३.१ च.

मग एका संध्याकाळी गाडी फेरीवरून आल्या आल्या मी तापमान मोजायची बंदूक घेऊन एकेका चाकाच्या हबवर, म्हणजे मधल्या गाभ्यावर, धरली. मागच्या डाव्या हबचं तापमान बाकीच्यांपेक्षा साठ अंशांनी जास्त निघालं. ब्रेक शूला ड्रमपासून मागे खेचणारी रिटर्न स्प्रिंग थकली होती. पाय काढला तरी शू ड्रमला घासत राहायचा. काका म्हणत होते ते शब्दशः खरं होतं. गाडीला खरोखरच मागून कुणीतरी धरून ठेवलं होतं.

त्या रात्री मी कागद घेऊन बसले. ४० टनांची भरलेली गाडी सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरने जात असेल तर तिला कोण कोण अडवतं? टायरचं रबर प्रत्येक फेऱ्यात दबतं आणि सुटतं, त्यात जी शक्ती मुरते तिचा विरोध साधारण २,३५० न्यूटन (न्यूटन हे जोराचं माप). समोरच्या हवेला ढकलायचा विरोध साधारण १,७५०. बेरीज ४,१०० न्यूटन. एवढ्या जोराने एक किलोमीटर ढकलायचं म्हणजे १.१४ किलोवॉट-तास ऊर्जा चाकापाशी लागली. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० किलोवॉट-तास ऊर्जा असते, त्यातली चांगलं इंजिन ४० टक्क्यांच्या आसपास कामाला लावतं, बाकीची रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन निघून जाते. भागाकार केला तर ३.५ आलं. वहीतल्या चार नंबरच्या आकड्याजवळचा आकडा कागदावर असा समोर आला तेव्हा मला फार बरं वाटलं. आता प्रत्येक चुकीचं वजन मोजता येणार होतं.

घासणाऱ्या त्या एका चाकाचंच बघा. त्याची ओढ २०० न्यूटन धरली, म्हणजे जेमतेम वीस किलोचं ओझं लोंबकळल्याइतकी. ताशी ८० च्या वेगाला ती साडेचार किलोवॉट खाते. ड्रमच्या आत पाणी तापवायचे दोन मोठे हीटर रात्रंदिवस चालू ठेवल्यासारखं ते आहे. एकूण विरोधाच्या पाच टक्के! स्प्रिंग बदलली, सगळ्या चाकांचे स्लॅक ॲडजस्टर, म्हणजे ब्रेकची ढिलाई घेणारे भाग, नीट लावले आणि पुढच्या महिन्यात वहीत ३.२५ आलं.

मग टायर. जोडचाकातला आतला टायर हा माझ्या मते सगळ्या ताफ्यांमधला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. बाहेरच्याची हवा सगळे बघतात. आतल्याचा व्हॉल्व्ह हाताला सहज लागत नाही, म्हणून त्याच्यावर हातोडी मारून आवाज ऐकतात आणि पुढे जातात. हातोडीला टायर फुटलेला कळतो, वीस पौंड हवा कमी असलेली कळत नाही. सात नंबरच्या दोन आतल्या टायरांत हवा कमी होती. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि शेजारच्यावर आपला भार टाकतो, त्यामुळे झिजतात दोन्ही. व्हॉल्व्हला लांब नळ्या लावून तोंडं बाहेर घेतली. छोटं काम, पण आता गेज लावायला कुणाला गाडीखाली वाकावं लागत नाही. त्याच दिवशी मागच्या ॲक्सलचं अलाइनमेंटही तपासलं, कारण टायर एका बाजूने खाल्ले जात होते. ॲक्सल थोडा तिरका बसला होता. गाडी सरळ जात होती, पण चाकं किंचित आडवी घासत होती. दोन्ही मिळून ३.४.

राहिला वारा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. मघाचाच हिशेब ताशी ९० ला केला तर १,७५० चे साधारण २,२१५ होतात आणि एकूण विरोध अकरा टक्क्यांच्या वर चढतो. ३०० किलोमीटरच्या एका बाजूला वाचतो तो वेळ पंचवीस मिनिटं. तीसुद्धा पुढे गोदामाच्या रांगेत जाणारच असतात. काकांना मी हा कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो नीट वाचला आणि ताडपत्रीबद्दल त्यांनी मला सांगितलं. मागच्या बाजूला दोरी सैल असली की ताडपत्री फुगते, फडफडते, आणि स्टिअरिंगला ते जाणवतं. हे मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नव्हतं. ताडपत्री घट्ट, वेग ८० च्या आत, आणि चढाच्या आधी उगाच पाय न दाबता वेग राखणं. ३.५.

आता थोडं धुराबद्दल, कारण लोक इथे दोन गोष्टींची गल्लत करतात. सायलेन्सरमधून काळा धूर आला नाही की गाडी स्वच्छ, असं बऱ्याच जणांना वाटतं. काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडं हा एक प्रश्न आहे, कार्बन डायऑक्साइड हा दुसरा. एक लिटर डिझेलचं वजन एक किलोही भरत नाही, ८३० ग्रॅमच्या आसपास असतं. पण ते जळून २.६ ते २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कारण कार्बनचा प्रत्येक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू सोबत घेऊन बाहेर पडतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो पकडणारा कुठलाही फिल्टर ट्रकवर बसलेला नाही. तो कमी करायचा एकच उपाय म्हणजे कमी डिझेल जाळणं. सात नंबरच्या साडेचार हजार जादा लिटरांचा हिशेब केला तर वर्षाला बारा टन होतात. स्प्रिंग, व्हॉल्व्हच्या नळ्या, दोरी, आणि हा आकडा.

काजळी आणि ऑक्साइडांच्या बाबतीत मात्र इंजिन बनवणाऱ्यांनी खरोखर थोर काम केलं आहे. युरोपातल्या १९९२ च्या युरो १ या प्रदूषण नियमांत अवजड इंजिनाला किलोवॉट-तासामागे ८ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडं सोडायची मुभा होती. २०१३ पासूनच्या युरो ६ मध्ये ती ०.४ ग्रॅमवर आली, वीस भागांतला एक भाग. हे साधलं ते युरियामुळे. त्याच्या वेगळ्या टाकीत असतं ते ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. गरम सायलेन्सरमध्ये त्याचा अमोनिया होतो आणि तो त्या विषारी वायूचं साध्या नायट्रोजनमध्ये आणि वाफेत रूपांतर करतो. काजळी वेगळ्या फिल्टरमध्ये अडकते आणि अधूनमधून सुमारे ६०० अंशांना जाळून टाकली जाते.

काही वर्षांपूर्वी आम्ही एक वापरलेली गाडी घेतली. तिच्या वायरिंगमध्ये एक लहानशी डबी सापडली. आधीच्या मालकाने युरियाचा खर्च वाचवायला ती बसवली होती. युरिया फवारला जात नसताना सगळं ठीक आहे असं ती डबी कॉम्प्युटरला सांगत राहायची. माझा मेकॅनिक तरुण मुलगा, तो म्हणाला, “राहू दे की मॅडम, गाडी चालतेय.” मी त्याला हाताला धरून शेडच्या मागच्या कोपऱ्यात नेलं, जिथे आम्ही गाड्या चालू करून तपासतो, आणि भिंत दाखवली. त्या भिंतीवर जुन्या गाड्यांच्या काळातली काजळी अजून आहे. ती निम्मी भिंतीवर बसली, उरलेली आम्ही श्वासातून घेतली. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसाला कर्करोग देणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. ज्या लोकांना मी त्या शेडमध्ये दिवसभर उभं करते, त्यांच्या छातीत काय जातंय याची जबाबदारी माझी आहे. डबी त्याच दिवशी काढली. संपूर्ण यंत्रणा दुरुस्त करायला तीन आठवडे लागले. असल्या डब्या बनवणाऱ्यांचा आणि बसवणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे.

रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची १८९७ साली चाचणी झाली तेव्हा त्याची कार्यक्षमता २६ टक्क्यांच्या आसपास भरली होती. वाफेच्या इंजिनांच्या त्या काळात ती थक्क करणारी होती. ट्रकच्या इंजिनाने ५० टक्क्यांचा टप्पा गाठला तो २०१५ च्या सुमारास, अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या सुपरट्रक प्रकल्पात. म्हणजे दुप्पट व्हायला शंभरावर वर्षं आणि कितीतरी इंजिनिअरांची आयुष्यं लागली. प्रयोगाच्या त्या गाडीने साधारण साडेएकोणतीस टनांसह लिटरला ५ किलोमीटरहून जास्त अंतर कापलं. त्या लोकांनी एकेका टक्क्यासाठी केलेले कष्ट मी वाचले आहेत. आणि इकडे आम्ही एका सैल स्प्रिंगपायी पाच टक्के पाच महिने घालवत होतो. हे मला खरंच लागलं.

विजेवरच्या ट्रकबद्दल सगळे विचारतात. मला तो हवा आहे, विशेषतः घाटउतारासाठी. ४० टनांची गाडी शंभर मीटर उंचीवरून खाली येते तेव्हा जवळपास ११ किलोवॉट-तास ऊर्जा सुटते. डिझेलच्या गाडीत ती ब्रेकमध्ये आणि इंजिन ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया जाते, विजेच्या गाडीत तिचा बराच भाग बॅटरीत परत जातो. पण लांब पल्ल्याच्या गाडीला बॅटरी काही टनांची लागते आणि तेवढा माल कमी बसतो. म्हणून आधी ठरावीक, छोट्या फेऱ्यांवर ती यावी असं माझं मत आहे. तोवर रस्त्यावर आहेत त्या डिझेलच्या गाड्या आपल्यालाच नीट ठेवायच्या आहेत.

रिकाम्या फेऱ्यांचा हिशेबही मी त्याच कागदावर केला होता. माल उतरवल्यावर गाडी १५ टनांची राहते, टायरचा विरोध कमी होतो, पण वारा तेवढाच. एकूण विरोध भरलेल्या गाडीच्या जवळजवळ दोन तृतीयांश येतो. म्हणजे काहीही न वाहता दोन तृतीयांश डिझेल. युरोपीय संघात मालवाहू गाड्यांच्या धावेपैकी साधारण पाचवा हिस्सा असा रिकामा असतो. आमच्या या मार्गावर परतीचा माल मिळतो हे आमचं नशीब.

सात नंबर ३.५ वर आली आणि थांबली. चार नंबर ३.६ वर. तो शेवटचा एक दशांश मला दोन महिने सापडला नाही. ब्रेक, टायर, वेग, सगळं सारखं होतं. शेवटी मी दोन्ही गाड्यांच्या ट्रॅकरचे तास शेजारी-शेजारी मांडले. चार नंबर पहाटे गोदामाच्या गेटवर पोचते आणि लगेच आत जाते. सात नंबर दुपारी पोचते आणि तीन-चार तास उभी राहते. त्यातला दीड तास इंजिन चालू असतं, कारण उन्हात तापलेल्या कॅबिनमध्ये एसीशिवाय झोप लागत नाही. उभ्या गाडीचं मोठं इंजिन एसीसह तासाला सुमारे तीन लिटर जाळतं. दीड तासाचे साडेचार लिटर. ६०० किलोमीटरला ३.५ आणि ३.६ मधला फरक जवळपास तेवढाच आहे, पावणेपाच लिटर. शिवाय उभ्या इंजिनाचा धूर थंड असतो, सायलेन्सर २०० अंशांच्या खाली गेला की युरिया नीट काम करत नाही. म्हणजे तो दीड तास गाडी जास्त घाणही सोडते, तीही रांगेतल्या इतर ड्रायव्हरांच्या नाकाशी.

काकांना “इंजिन बंद ठेवा” म्हणणं सोपं होतं. मी म्हटलं नाही. त्यांना त्यानंतर ३०० किलोमीटर गाडी चालवायची असते. झोप न झालेल्या माणसाच्या हाती मी ४० टन देणार नाही. बॅटरीवर चालणारा कॅबिनचा एसी सात नंबरला बसवायचं ठरलं आहे. आणि गोदामवाल्यांकडे मी चार महिन्यांचे ताटकळण्याचे तास तारीखवार लिहून नेणार आहे, ठरावीक वेळेचा टोकन द्या म्हणून. सोमवारी भेट आहे. काकांनाही सोबत चला म्हटलं आहे. टाकीच्या कुलपाबद्दल मी त्यांची माफी मागितली तेव्हा ते म्हणाले, “स्प्रिंग सापडली ना, झालं.” ते आता प्रत्येक थांब्यावर उतरून दहाही चाकांच्या हबजवळ तळहाताची मागची बाजू धरून बघतात. काल त्यांनी सांगितलं की उजवीकडचं मधलं चाक थोडं गरम वाटतंय. उद्या सकाळी गाडी आली की आधी तेच बघायचं आहे.