ट्रॅक लावून नाटक का करत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तसे तुम्ही पहिले नाही. उत्सवाचं नाटक ठरवायला येणारे कमिटीवाले विचारतात, सुट्टीत गावी आलेले मुंबईकर विचारतात, हल्ली तर नाटकात काम करणारी पोरंही विचारतात. "काका, हा एवढा ऑर्गन, ते तीन-चार तबले, वाजवणारी माणसं, त्यांचं जाणं-येणं, जेवण, मानधन... सगळं एकदा रेकॉर्ड करून ट्रॅक लावला तर काय बिघडतं? गाणारा समोर गातोच आहे ना?"

प्रश्न वावगा नाही. संगीत नाटकात कुणाला पैसे सुटत नाहीत, आणि टेम्पोचं भाडं देताना मलाही तो पटतो. पण लोकांना वाटतं, की आता हा जिवंत सुरांचा गोडवा वगैरे सुरू करणार. गोडव्याचंच म्हणाल तर चांगल्या स्टुडिओत नीट वाजवून घेतलेला ट्रॅक माझ्या ऑर्गनपेक्षा गोड लागेल. आमच्या कोकणातल्या दमट हवेत ऑर्गनची एखादी पट्टी चिकटते, भात्याला कसर लागते, उंदीर कातडं कुरतडतात, आणि दुरुस्त करणारा माणूस शोधायला जिल्हा पालथा घालावा लागतो. तेव्हा गोडवा बाजूला ठेवू.

माझं उत्तर वेळेबद्दल आहे. रंगमंचावरचं पद किती वेळ चालणार, हे ते संपेपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं. गाणाऱ्यालाही नसतं. ट्रॅक लावला की ते आधीच ठरून जातं.

थोडं मागे जातो. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा पदं म्हणायचा तो सूत्रधार आणि त्याचे साथीदार. पात्रं पुढे येऊन बोलायची, लढायची. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चे पहिले चार अंक झाले आणि पात्रं स्वतःच गाऊ लागली. या बदलाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, पण ते गाणाऱ्यांच्या बाजूने. वाजवणाऱ्याच्या दृष्टीने बघा. गाणारा बाजूला उभा असतो तोवर वाजवणाऱ्याने गाणं ऐकलं की भागतं. गाणारी शकुंतलाच असली, तर तिचं बोलणंही ऐकावं लागतं, कारण तिच्या बोलण्यातूनच पद निघणार असतं.

आता 'सौभद्र' घ्या. दुर्योधनाशी लग्न लावायचा घाट घातलाय म्हणून हवालदिल झालेली सुभद्रा सखीला 'वद जाऊ कुणाला शरण' म्हणून विचारते. त्याआधीचं गद्य ती रोज सारखं बोलत नाही. एखाद्या प्रयोगात शेवटच्या वाक्याला आवाज दाटतो, थांबावंसं वाटतं. एखाद्या प्रयोगात आधीच्या प्रवेशाला हशा मिळालेला असतो, प्रेक्षक अजून सैल असतात. मग ती गद्यच जरा ताणून त्यांना गप्प करते. तिच्या शेवटच्या दोन-तीन शब्दांखाली मी सूर धरतो, तो इतका बारीक, की पहिल्या रांगेलाही कळू नये. तिने लगेच उचललं तर ठीक. नाही उचललं तर तो सूर तसाच धरून बसायचं. भाता दोन्ही पायांनी हलवायचा, पण पेडलची खडखड होता कामा नये. ही दोन-चार क्षणांची वाट बघणं म्हणजे माझं निम्मं काम. ट्रॅकला हे कुठून जमणार? तिथे तिने गद्य कितीही मनापासून बोललं तरी विंगेत कुणीतरी बटणावर बोट ठेवून उभा असतो, आणि बटण दाबलं की तिला निघावंच लागतं.

पद सुरू झाल्यावर तर आणखी गंमत. अंतऱ्यात एखादी जागा सुरेख पडली, प्रेक्षकांतून दाद आली, की गाणारी तिथेच घोटाळते. तीच ओळ वेगळ्या वाटेने घेते. तबलजी ठेका धरून असतो, पण कान तिच्या श्वासाकडे. ती समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, निघाली हे त्याला तिच्याआधी अर्धा क्षण कळतं आणि त्याचा हात जड होतो. मग वन्समोर! वन्समोर म्हणजे तेच पुन्हा ऐकवणं असं ज्याला वाटतं त्याने संगीत नाटक पाहिलेलं नाही. दुसऱ्या वेळी ती बहुधा अंतऱ्यापासून उचलते, लय किंचित चढी, तबला लग्गीवर, म्हणजे जलद बोलांवर, जातो, आणि पहिल्यांदा न घेतलेली तान येते. कुठून उचलणार हे ती आम्हाला मानेने सांगते, कधीकधी तेही सांगत नाही.

बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवाँ होते आणि सारंगीला कादरबक्ष. थिरकवाँसारखा तबलजी नाटक कंपनीने बाळगावा, याचा आज अचंबा वाटतो. मला नाही वाटत. पदात मनाला येईल तिथे थांबायचं आणि मनाला येईल तितकं रमायचं अशी ज्याची रीत, त्याला सांभाळायला तितकाच तयारीचा माणूस लागणार. आणि गोविंदराव टेंबे विसरू नका. मूळचे पेटीवाले. १९११च्या 'मानापमान'च्या पदांना चाली त्यांच्या. साथीला बसणाऱ्याला गाणाऱ्याचा गळा कुठे फिरतो, कुठे अडतो हे आतून माहीत असतं. त्या चाली वाजवताना ते जाणवतं.

संगीत नाटकातून सारंगी गेली याचं मात्र मला वाईट वाटतं, ऑर्गनवाला असूनही. सारंगी गळ्याबरोबर घसरत जाते. एका सुरावरून दुसऱ्यावर असं घसरत जाणं म्हणजे मींड. ऑर्गनला मींड नाही. दोन पट्ट्यांच्या मधे जे आहे ते त्याच्याकडे नाहीच. मग गायिका मींड घेते तेव्हा ऑर्गनवाल्याने काय करावं? माझ्या मते काही करू नये. आधीचा सूर अलगद सोडावा, तिला एकटी जाऊ द्यावं आणि ती पोचली की खालून हात द्यावा. कधी वाजवायचं नाही हे शिकायला मला वाजवायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

गाण्याच्या पट्टीचा, म्हणजे कुणी कुठला सूर 'सा' धरून गायचं याचा, विषय तर कुणाच्या ध्यानातच येत नाही. एका नाटकात कृष्ण काळी एकमध्ये गातो, सुभद्रा काळी चारमध्ये, नारदाची आणखी तिसरीच. म्हणून तबलजीपुढे वेगवेगळ्या सुरांत लावलेले तबले ओळीने मांडलेले असतात. उघड्यावरच्या उत्सवात दुसऱ्या अंकापर्यंत दंव पडायला लागतं, तबला उतरतो; गद्य चालू असताना प्रेक्षकांना कळू न देता तो हातोडीने चढवायचा. शिवाय नट म्हणजे माणूस. सकाळी एस्टीने आलेला, दुपारी वडे खाल्लेला, संध्याकाळी मेकअप करताना म्हणतो, "आज घसा बसलाय, अर्ध्या स्वराने खाली घ्या." घेतो. ट्रॅकही आता यंत्रावर खाली घेता येतो, मला माहीत आहे. पण तिसरी घंटा झाल्यावर, पहिलं पद गाऊन विंगेत येऊन त्याने खूण केली तर?

आणि पद विसरणं! नारद अंतरा विसरला, तर त्या ओळीचे पहिले चार सूर मी जरा ठळक वाजवतो. बहुतेक वेळा तेवढ्यावर त्याला शब्द आठवतात. नाहीच आठवले तर तबलजी एक आवर्तन भरून काढतो आणि प्रेक्षकांना वाटतं, वा, काय मुद्दाम थांबलाय! आम्ही दुसरे प्रॉम्प्टर. फरक इतकाच, की आमचा आवाज प्रेक्षकांना ऐकू गेला तरी चालतो.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, "पण काका, तुम्ही स्वतःच परवा कीबोर्डवर वाजवलंत." वाजवलं की. जिन्यावरून ऑर्गन चढवणं शक्य नव्हतं, कीबोर्डमध्ये ऑर्गनचा आवाज आहे, तो लावला. पेडलची सवय असलेले पाय उगीच हलत होते, एवढंच. लाकूड आणि कातडं यांच्यावर माझी श्रद्धा नाही. यंत्र कुठलंही आणा, त्याच्यामागे ऐकणारा माणूस बसलेला असला म्हणजे झालं.

ट्रॅकवर माझा राग आहे असंही नाही. ज्या नाटकात वीस जण एका तालावर नाचतात, प्रकाश ठेक्याला बांधलेला असतो, पंचवीस वाद्यांचं संगीत हवं असतं आणि खिशात तीन वादकांचे पैसे असतात, तिथे ट्रॅक लावावा, खुशाल लावावा. बालनाट्यात मी स्वतः सुचवतो. सिनेमाचं तर वेगळंच. 'कट्यार काळजात घुसली' रंगमंचावर आलं १९६७ साली, लेखन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, आणि खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे. त्याचा चित्रपट २०१५चा. चित्रपटातलं गाणं दर वेळी तसंच्या तसं असणार, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण नाटकात दोन घराण्यांची टक्कर समोर चाललेली, आणि ती कुठवर जाईल हे गाणाऱ्यांनी तिथल्या तिथे ठरवायचं. ती टक्कर ट्रॅकवर लावली, तर निकाल आधीच लागलेली कुस्ती होईल.

परदेशातही हा वाद झालाय. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर मार्च २००३मध्ये वादकांनी संप केला. थिएटरच्या आकाराप्रमाणे कमीत कमी इतके वादक घ्यायचेच, असा तिथला जुना करार. निर्मात्यांना तो आकडा खाली आणायचा होता, आणि संप झालाच तर यंत्रावरच्या वाद्यवृंदावर प्रयोग करायची त्यांची तयारी होती. पण नट आणि रंगमंच कामगार वादकांच्या बाजूने उभे राहिले आणि बहुतेक संगीतिका चार दिवस बंद पडल्या. शेवटी तडजोड झाली, आकडा कमी झाला, पण राहिला. नट का उभे राहिले याचं मला नवल वाटत नाही. वाजवणारा नसला की उघड्यावर कोण पडतो, ते नटाला बरोबर कळतं.

आणि इतक्या लांब कशाला? सिंधुदुर्गातला दशावतार बघा. तिथे लिहिलेली संहिताच नाही. राजा आणि राक्षस यांचे संवाद जागच्या जागी सुचतात. पायपेटी, मृदंग आणि झांज एवढ्यावर रात्र निघते. अलीकडे त्यात ट्रिकसीन आले, रंगीत दिवे आले, धूर आला; पेटी-मृदंग हलले नाहीत, कारण राक्षस केव्हा चिडणार हे राक्षसालाच माहीत नसतं.

तुम्ही कमिटीतले आहात, म्हणून कामाचं तेवढं सांगतो. खर्चात काटकसर करायचीच असेल तर पडद्यांत करा. राजवाड्याचा पडदा नसला तरी लोक सुभद्रेला राजकन्या मानतात. साथीदार नाटकाच्या दिवशी दुपारी बोलावू नका, शेवटच्या चार तालमींना तरी बोलवा, आणि त्यांना नुसती पदांची वही देऊ नका, पूर्ण संहिता द्या. ऑर्गन आणि तबला अशा जागी ठेवा, की गाणाऱ्याचं तोंड त्यांना दिसेल. स्पीकरच्या मागे कोंबू नका. मॉनिटर, म्हणजे आमच्याकडे तोंड केलेला स्पीकर, एकच असेल तर तो तबलजीकडे द्या, माझं कान लावून भागतं. आणि चहा मध्यंतराच्या आधी पाठवा. मध्यंतरात तबले लावायचे असतात.