पात्याला बाक दिल्यानंतर : कॅस्केडवरील सहावी नोंद

जालन्यातील आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभारलेल्या विंड टनेलवर सध्या सात पात्यांचे कॅस्केड, म्हणजे एकसारख्या पात्यांची समांतर रांग, आहे. पाते मुद्दाम अवघड निवडले आहे : अक्षाशी 52 अंशांत येणारी हवा 14 अंशांत बाहेर पडावी, म्हणजे तिचा वेग मूळ वेगाच्या 0.63 पटीवर उतरावा, अशी रचना आहे. जीवा (पात्याची पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची लांबी) आणि पात्यांमधील अंतर यांचे गुणोत्तर 1.25 धरल्यास डिफ्यूजन फॅक्टर, म्हणजे पात्यावर हवा किती मंदावते याचे माप, 0.62 येतो. लीबलाइन आणि सहकाऱ्यांनी 1953 साली मांडलेल्या या मापाने 0.6 ओलांडले की ऊर्जाहानी झपाट्याने वाढते, त्यामुळे प्रवाह पात्याच्या पृष्ठभागापासून सुटणार हे ठाऊकच होते. तो कुठून सुटतो, हे पाहायचे होते.

काजळी रॉकेलात आणि थोड्या तेलात खलून पांढऱ्या पात्याच्या शोषण-बाजूवर, म्हणजे कमी दाबाच्या फुगीर बाजूवर, लावली. मध्यभागी काळ्या रेघा जीवेच्या 70 टक्क्यांपर्यंत सरळ गेल्या आणि तेथे तेल जाड ओळीत साचले, म्हणजे प्रवाह तेथे सुटत होता. दोन्ही भिंतींलगत मात्र मागच्या कडेकडे रुंदावणारे त्रिकोण उमटले, आणि त्यांत काजळी भोवऱ्यासारखी गोल फिरून थांबलेली होती. 120 मिमी उंचीच्या पात्यावर प्रत्येक त्रिकोण सुमारे 30 मिमी चढला होता. खरा तोटा या कोपऱ्यांत होता.

म्हणून दोन्ही टोकांना 25 अंशांचा बाक दिला, जेणेकरून शोषण-बाजू आणि भिंत यांच्यातील कोन विशाल होईल. त्रिकोण 12 मिमीवर आले. तो छाप पाहून झालेला आनंद फार टिकला नाही, कारण टोकांवरचा भार मध्यावर सरकला होता आणि तेथील साचण्याची ओळ 60 टक्क्यांवर आली होती.

मग वक्रता पुढे घेतली. सीमास्तर (पृष्ठभागालगतचा मंदावलेल्या हवेचा थर) पातळ आणि ताजा असतानाच, जीवेच्या सुमारे 20 टक्क्यांवर, वेग कमाल व्हावा. त्यानंतर तो आधी भरभर आणि पुढे हळूहळू उतरावा, हा हेतू होता. आमचा रेनॉल्ड्स अंक (प्रवाहातील जडत्व आणि चिकटपणा यांचे गुणोत्तर) जेमतेम 70,000 असल्याने स्तरीय, म्हणजे खळबळ नसलेला, प्रवाहच आधी सुटून पृष्ठभागावर अडकलेल्या हवेचा बुडबुडा धरतो आणि आकाराचा गुणदोष झाकतो. हे टाळण्यासाठी पुढच्या कडेपासून 6 मिमीवर सीमास्तर खळबळता करणारी बारीक चिकटपट्टी लावणे मी अनिवार्य मानतो. आता मध्यावरील ओळ 78 टक्क्यांवर आहे आणि कोपरे जवळपास तसेच आहेत.

पुढील संच 20 अंशांच्या बाकाचा असेल. तो एबीएस या अधिक उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंटरवर छापणार आहे, कारण मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेली पीएलए प्लास्टिकची दोन पाती पिळवटली.