रेकॉर्डर: प्रत्येक शतकाची फुंक वेगळी

आजचा दिवस रेकॉर्डरच्या जुन्या-नव्या संगीतात गेला. उभी धरायची, चोचीसारखं मुखपट्ट (तोंडात धरायचा भाग) असलेली ही युरोपीय लाकडी बासरी. शिकणाऱ्यांसाठी काही गोष्टी.

सुरुवात याकोब फान आइकपासून करा. उट्रेख्टच्या या अंध संगीतकाराच्या रचना १६४० च्या दशकात छापल्या गेल्या. आधी साधी धून, मग तिचे अधिकाधिक बारीक स्वरांचे विस्तार. लय ठरवायची ती सर्वांत दाट विस्तारावरून. धूनच जलद घेतली की पुढे जीभ अडखळणारच. जिभेसाठी 'तेरे', 'लेरे' हे बोल घोका. इटालियन वादक गानास्सीने ते १५३५ मध्येच व्हेनिसमध्ये छापून ठेवलेत, आणि आजही त्यांना तोड नाही!

अठराव्या शतकातल्या जर्मन संगीतकार टेलेमानसाठी एफ स्वराचा आल्टो घ्या, म्हणजे सगळ्यात खालचा स्वर एफ असलेला मधल्या आकाराचा रेकॉर्डर. बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातल्या) घडणीत नळी खाली निमुळती होते, वरचं सप्तक सहज बोलतं. पण मागचं छिद्र अंगठ्याने जेमतेम मिलिमीटरभरच उघडायचं. फट मोठी झाली की स्वर फाटतो. याउलट खालचा एफ जोराने फुंकला की वर उडी मारतो; तिथे ऊबदार, संथ श्वासच हवा.

मुखपट्टात ओल साचून आवाज घुसमटतो, म्हणून वरचा भाग आधी हातात गरम करा. मुखपट्टाखालच्या, आवाज जिथे तयार होतो त्या खिडकीच्या धारेला बोट मात्र कधीही लावू नका.

इटालियन संगीतकार बेरिओची १९६६ ची एकट्या रेकॉर्डरसाठीची रचना 'जेस्ती' सगळ्यात शेवटी. तिथे सुरुवातीला बोटं आणि तोंड मुद्दाम एकमेकांपासून तोडलेली आहेत, आणि हे दोन्ही आधी घट्ट जुळलेले असतील तरच तोडता येतात.