लिंकन यांची दोन वकीलपत्रे

शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करताना अब्राहम लिंकन यांची तसबीर मी कितीतरी वकिलांच्या कचेऱ्यांत पाहिली. त्यांनी चालवलेल्या दोन खटल्यांचा विषय मात्र आमच्या बोलण्यात क्वचितच निघे.

अमेरिकेतील इलिनॉय हे तेव्हा नव्याने वसत असलेले, गुलामगिरीला मनाई असलेले सीमेवरचे राज्य होते. १८३६ मध्ये सनद मिळालेले लिंकन फिरत्या न्यायालयाबरोबर गावोगाव जात आणि कर्जवसुलीपासून खुनापर्यंत समोर येईल ते काम घेत.

१८४१ मध्ये बेली विरुद्ध क्रॉमवेल हा वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात आला. नॅन्स या कृष्णवर्णीय तरुणीच्या किमतीपोटी बेलीने वचनचिठ्ठी लिहून दिली होती आणि त्या चिठ्ठीच्या रकमेच्या वसुलीचा हा दावा होता. नॅन्स गुलाम असल्याचा पुरावा विक्रेत्याने दिलेला नाही, म्हणून ती स्वतंत्रच मानली पाहिजे आणि स्वतंत्र व्यक्तीची विक्री होऊ शकत नाही, अशी बेलीतर्फे लिंकन यांनी मांडलेली बाजू न्यायालयाने उचलून धरली. पुराव्याचा भार कोणावर, या एका प्रश्नात एका स्त्रीचे आयुष्य सामावले होते.

ऑक्टोबर १८४७ मध्ये मात्र चार्ल्सटन गावी ते रॉबर्ट मॅटसनच्या बाजूने उभे राहिले. गुलामगिरी चालणाऱ्या केंटकी राज्याचा हा जमीनदार इलिनॉयमधील आपल्या शेतावर हंगामापुरते गुलाम आणून राबवी. आपल्याला आणि मुलांना विकले जाईल, या भीतीने जेन ब्रायंट मुलांसह त्याच्याकडून निसटली होती. ती येथे केवळ तात्पुरती आली असल्याने इथल्या कायद्याने मुक्त होत नाही, असा युक्तिवाद लिंकन यांनी केला. न्यायालयाने तो फेटाळून जेनला आणि मुलांना मुक्त केले.

आलेल्या पक्षकाराची बाजू मांडणे हा वकिलाचा धर्म, असे मीही माझ्या ज्युनियरांना वर्षानुवर्षे सांगत आलो. सदाशिव पेठेतील एका वाड्यातून वृद्ध भाडेकरू बाईंना बाहेर काढण्यासाठी घरमालकाचे वकीलपत्र मी घेतले, तेव्हा स्वतःलाही हेच सांगितले होते. आज मला ते उत्तर पुरेसे वाटत नाही. मॅटसनला नकार देण्याची मोकळीक लिंकन यांना होती, तशी ती मलाही होती.

मॅटसनच्या खटल्याच्याच वर्षी, डिसेंबर १८४७ मध्ये, लिंकन संसदेत दाखल झाले आणि जानेवारी १८४९ मध्ये राजधानीतील गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवण्याचा प्रस्ताव त्यांनी तयार केला. बाहेरून पळून आलेल्या गुलामांना पकडून मालकांच्या हवाली करण्याचे कलम त्यातही होते.